यंत्रासाठी लिहिलेलं एक पान

दिवाळीच्या सुट्टीत सुरतेला घरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी माझा आतेभाऊ लॅपटॉप घेऊन हजर. "तू साहित्यवाली ना? मग मला एक पान लिहून दे. कविता नको. माहितीपत्रक."

खरं सांगते, मला राग आला. तीन वर्षं साहित्य शिकून शेवटी मिक्सरच्या खोक्यात येतं तसलं पत्रक लिहायचं? पण दादाला नाही म्हणता येत नाही, आणि त्याने वर लोचो खिलवायचं कबूल केलं. म्हणून बसले. ते एक पान लिहायला मला अकरा दिवस लागले.

त्या अकरा दिवसांत माझं एक मत बनलं. ते पटेलच असं नाही, पण मांडते. सूचना लिहिणं हे साहित्याच्या विद्यार्थ्याचंच काम आहे. आणि आज यंत्रांसाठी जितक्या काळजीने सूचना लिहिल्या जातात, तितक्या काळजीने त्या यंत्रांशेजारी उभ्या असलेल्या माणसांसाठी लिहिल्या जात नाहीत. याची आपल्याला थोडी लाज वाटायला हवी.

आधी काम काय होतं ते सांगते. दादा एका छोट्या डिझाइन स्टुडिओसाठी प्रोग्रॅम लिहितो. साडीच्या बॉर्डरचे, बुट्ट्यांचे नमुने तिथे पिक्सेल आर्टसारखे, म्हणजे घराघरांनी रंगवलेल्या चित्रासारखे, कॉम्प्युटरवर तयार होतात. जुना मारिओ आठवा, किंवा आत्याने चर्चच्या वेदीवरच्या कापडावर घातलेला फुलीचा टाका आठवा. एक घर, एक रंग. मधलं काही नाही. हे नमुने एआय एजंटने दुरुस्त करावेत म्हणून दादाने त्याच्यासाठी आकार काढायचं एक साधन बनवलं होतं. रेघ, चौकोन, वर्तुळ, एवढंच.

एजंट म्हणजे नुसता प्रश्नांना उत्तरं देणारा चॅटबॉट नाही. त्याच्या हाती आपण काही साधनं देतो आणि कुठलं साधन कधी, कसं वापरायचं हे तो स्वतः ठरवतो. कशावरून ठरवतो? त्या साधनासोबत जे चार परिच्छेद लिहून दिलेले असतात त्यांवरून. तो दादाच्या खांद्यावरून डोकावून बघू शकत नाही, "म्हणजे कसं?" असं शेजारच्याला विचारू शकत नाही. त्याच्यासाठी ते पान म्हणजेच ते साधन.

माझं पहिलं वाक्य होतं, "या साधनाने सुंदर व सुबक आकार सहज काढता येतात." दादाने वाचलं आणि म्हणाला, "यातलं 'आकार काढता येतात' ठेव. बाकी तीन शब्द त्याच्या काय कामाचे?" वर्गात विशेषणं कमी करा असं सर किती वेळा सांगतात. ते माझ्या डोक्यात शिरलं ते या एका प्रश्नाने.

दुसरा मसुदा जरा शहाणा होता. "चौकोनासाठी सुरुवातीचा आणि शेवटचा कोपरा द्या." चांगलं वाक्य आहे ना? दादाने ते एजंटला दिलं आणि १६ घरं रुंदीची कोयरी ओळीने काढायला सांगितलं. त्याने सुरुवात ० धरली, शेवट १६ धरला. साधन दोन्ही टोकं मोजतं, त्यामुळे झाली १७ घरं. प्रत्येक कोयरी पुढच्या कोयरीची पहिली रांग खाऊन बसली. सबंध बॉर्डरभर. दादा म्हणाला, "हे कापडावर गेलं असतं तर शेठने मला उभा विणला असता."

चूक एजंटची नव्हती. माझ्या वाक्याने त्याला सांगितलंच नव्हतं की शेवटचं घर धरायचं की सोडायचं.

यावर मी बराच विचार केला, कारण ही भानगड भाषेतच आहे. आठवडा सात दिवसांचा, पण आपण म्हणतो, "आठ दिवसांनी ये." आजचा दिवस धरून मोजतो म्हणून आठ. दोन आठवडे म्हणजे चौदा दिवस, पण शब्द पंधरवडा. आणि लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मला पडलेलं कोडं : येशू शुक्रवारी क्रुसावर मेला, रविवारी उठला, मग "तिसऱ्या दिवशी" कसं? सिस्टरांनी बोटं मोडून दाखवलं होतं. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. दोन्ही टोकं धरायची. मोजणीची एक पद्धत दुसरीत मिसळली की गोंधळ होतो, आणि हा गोंधळ संगणकाच्याही कितीतरी आधीचा आहे. त्यावर उपाय म्हणून आपल्या मराठीत एक छोटासा शब्द आहे, "धरून". "० पासून १५ पर्यंत, दोन्ही धरून, म्हणजे १६ घरं." तो एक शब्द घातला आणि कोयऱ्या सरळ झाल्या.

मग इतर प्रश्न रांगेने आले. मोजणी वरून की खालून? भराव घातला तर आधीचं चित्र खाली राहतं की पुसलं जातं? आकार चौकटीबाहेर गेला तर कापला जाणार की काम थांबणार? वर्तुळाचा मध्य कुठला? वर्तुळ ७ घरांचं असेल तर चौथं घर मधलं. ८ घरांचं असेल तर मध्य कुठल्याच घरात नाही, दोन घरांमधल्या रेघेवर आहे. म्हणून आम्ही मध्य विचारायचाच सोडून दिला आणि "वर्तुळ ज्या चौकोनात बसेल तो चौकोन द्या" असं लिहिलं. तिरक्या रेघेचंही असंच. घरांच्या कागदावर तिरकी रेघ नसतेच, असतात त्या पायऱ्या. कुठल्या घरावर पायरी चढायची याचं गणित आयबीएममधल्या जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ साली बसवलं आणि आजही ते वापरात आहे.

आता यात माझे पप्पा कुठे आले ते सांगते, कारण खरा लेख तिथूनच सुरू होतो.

आमचं मूळ गाव वसईकडचं, पण पप्पांचं सगळं आयुष्य सुरतेच्या कापडात गेलं. ते जकार्डचे ग्राफ काढतात. सुरुवातीला कागदावर, ब्रशने, एकेक घर भरत. पुढे कॉम्प्युटरवर. जकार्ड माग म्हणजे फ्रान्समधल्या लियोंच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास पुढे आणलेली रचना. नक्षीची प्रत्येक आडवी ओळ एका पुठ्ठ्याच्या कार्डावर, भोक असेल तर उभा धागा उचलला जातो, नसेल तर नाही. जकार्डचंच एक रेशमी चित्र अशा सुमारे २४ हजार कार्डांवर विणलं होतं आणि त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती, तोच बॅबेज ज्याला आपण संगणकाचा आजोबा म्हणतो. म्हणजे सुरतेच्या कुठल्याही खात्यात जे खटखट चालतं ते पिक्सेल आर्टच आहे, फक्त धाग्याचं. पप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आम्हीच पहिले. त्यांना सांग."

पप्पांनी माझं पान वाचलं. चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, "हे उलटं आहे."

कॉम्प्युटर वरच्या डाव्या कोपऱ्यातून मोजतो, शून्यापासून. पप्पा खालच्या कोपऱ्यातून मोजतात, एकापासून, कारण कापड खालून वर चढतं. विणलेला पहिला धागा खाली असतो. शून्यावा धागा कुणी बघितलाय?

मग त्यांनी वर्तुळ बघितलं आणि हसले. "हे कापडावर गोल येणार नाही." त्यांनी पेन घेऊन मला समजावलं. समजा कापडात इंचाला उभे धागे ८० आणि आडवे ६०. आता ४० घरं रुंद आणि ४० घरं उंच असं वर्तुळ काढलं, तर रुंदी भरेल अर्धा इंच आणि उंची अर्ध्याहून जास्त. कापडावर उभं अंडं. गोल हवं असेल तर ४० रुंद आणि ३० उंच काढायला लागेल. ते पडद्यावर चपटं दिसेल, कापडावर गोल. "पडद्यावर चांगलं दिसतं ते चांगलं, असं समजणारी पोरं आजकाल लई आहेत," पप्पा म्हणाले.

आणि भराव? भराव तर त्यांना पाप वाटतं. ४० घरं एका रंगाने भरली म्हणजे तो धागा ४० उभ्या धाग्यांवरून न बांधता गेला, अर्धा इंच मोकळा. बाईच्या बांगडीत अडकला की खेचला गेलाच. म्हणून जाणता माणूस भरलेल्या भागात ठरावीक अंतरावर एकेक घर सोडतो, तिथे धागा बांधला जातो. लांबून बघणाऱ्याला ते दिसतही नाही.

मी पेन खाली ठेवलं. दादाच्या पानात यातलं काहीच नव्हतं. दादाला माहीतच नव्हतं. आणि पप्पांना हे सगळं गेली तीस वर्षं माहीत होतं, पण त्यांनी ते कधी कुठे लिहिलं नव्हतं, कारण त्यांना कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

असं ज्ञान घरात राहतं तोवर लिहायची गरजही वाटत नाही. रांगोळीच्या ठिपक्यांचं बघा. "अकरा ते सहा" एवढं म्हटलं की शेजारच्या काकूंना कळतं : मधल्या ओळीत ११ ठिपके, मग दोन्ही बाजूंना एकेक कमी करत ६ पर्यंत, ठिपका दोन ठिपक्यांच्या मधोमध. तीन शब्दांत अख्खी चौकट. पण हे ज्यांनी आधी बघितलंय त्यांनाच. बाहेरून आलेल्याला, बघायला न मिळालेल्याला ते तीन शब्द काहीच सांगत नाहीत.

आणि घरातलं ज्ञान घराबरोबर जातं. सुरतेचीच तनछोई घ्या. एकोणिसाव्या शतकात इथले तिघे पारशी भाऊ चीनला जाऊन विणकाम शिकून आले, 'तन' म्हणजे तीन आणि 'छोई' हे त्यांच्या गुरूचं नाव, अशी त्या शब्दामागची गोष्ट सांगतात. आज तनछोई म्हटलं की लोकांना बनारस आठवतं. सुरत कुणाला आठवत नाही, सुरतेतल्या माझ्या मैत्रिणींनाही नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्या साहित्य मंडळात कविता, कथा, ललित यांना मान आहे. 'माहितीपर' म्हटलं की तोंडं वाकडी होतात. पण फादर थॉमस स्टीफन्स आठवा. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्रज माणूस मराठीत सुमारे ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहितो, ते १६१६ साली राशोलला छापलं जातं. अभ्यासक्रमात आपण हे वाचतो. पण त्याच माणसाने गोव्याच्या बोलीचं व्याकरणही लिहिलं, जे त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापलं गेलं. व्याकरण म्हणजे काय? ज्याला भाषा येत नाही, ज्याचा जन्म इथला नाही, त्याच्यासाठी लिहिलेलं माहितीपत्रक. परक्याला आत येता यावं म्हणून केलेली पायरी. ओव्या लिहिणाऱ्या हाताला ते काम कमीपणाचं वाटलं नाही. मग मला मिक्सरच्या पत्रकाचा राग का आला?

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. आमच्या पानात एक भाग चुकांच्या संदेशांचा आहे. एजंटने चौकटीबाहेरचं घर मागितलं तर काय सांगायचं? मी लिहिलं होतं, "चूक." दादा म्हणाला, "असं नाही चालणार. तो तेच परत करत बसेल. काय चुकलं, मर्यादा काय आणि आता काय करायचं, तिन्ही सांग." म्हणून आम्ही लिहिलं : "४० वं घर चौकटीत नाही. चौकट ० ते ३१ आहे, दोन्ही धरून. आकार लहान करा किंवा डावीकडे सरकवा." किती सौजन्याने बोलतो आपण यंत्राशी!

आणि पप्पांच्या युनिटमध्ये ओडिशाहून आलेला अठरा वर्षांचा पोरगा नव्या मशीनवर उभा राहतो तेव्हा? मशीनच्या पडद्यावर चिनी अक्षरं, पुस्तिका असलीच तर इंग्रजीत, आणि सूचना म्हणजे मागून आलेली एक शिवी. काय चुकलं ते नाही, मर्यादा काय ते नाही, आता काय करायचं ते तर नाहीच. लिंबायत, उधना, डिंडोलीला खानदेशातून आलेली इतकी मराठी माणसं राहतात, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, म्हणजे वाचणारे आहेत. पण त्यांच्या हातातल्या कामाबद्दल त्यांच्या भाषेत लिहिलेलं एक पान मला घरात, शेजारात कुठे मिळालं नाही. मी शोधलं.

मला सांगा, ज्या माणसाचं बोट मशीनमध्ये जाऊ शकतं त्याच्यासाठी आपण चार नीट वाक्यं लिहिली नाहीत, आणि ज्याला बोटच नाही त्याच्यासाठी मी अकरा दिवस खपले. एजंटसाठी लिहू नये असं मी म्हणत नाही. त्याच्यासाठी लिहितानाच तर मला कळलं की नीट लिहिता येतं, वेळ काढता येतो, वाचणारा कुठे अडखळेल याचा विचार करता येतो. आता "जमत नाही" ही सबब उरली नाही.

एक गोष्ट लपवणार नाही. पान पूर्ण झालं त्या रात्री मी पप्पांना म्हटलं, "तुमचं ते गोलाचं आणि भरावाचंही घालते. एजंट खूप हुशार होईल." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घाल की. पण मग मला कोण विचारणार?"

त्यांच्या युनिटमध्ये आधी पाच डिझायनर होते, आता दोन आहेत. माझी फी त्या दोनांतल्या एका पगारातून जाते. मी काय उत्तर देणार होते? "लिहिलं नाही तर ज्ञान मरेल," हे मीच आत्ता वर म्हटलं. ते खरं आहे. "लिहिलं तर लिहून देणाऱ्याचं काम जाईल," हेही खरं असू शकतं. दोन्ही खरं असताना एखादं सुविचारासारखं वाक्य लिहून मोकळं होणं मला जमत नाही.

आम्ही जे केलं ते सांगते. पानं दोन केली. पहिलं इंग्रजीत, एजंटसाठी. त्यात फक्त दादाचं साधन कसं चालतं एवढंच. मोजणी, टोकं, भराव, चुकांचे संदेश. दादाने कष्ट केले ते त्याचं. दुसरं मराठीत, माणसांसाठी. त्यात पप्पांचे नियम : इंचाला धागे मोजून मगच गोल काढा, भरलेल्या भागात घर कुठे सोडायचं, रिपीटचा जोड कसा तपासायचा. एकूण सात पानं झाली आणि अजून होतायत. त्यावर वरती पप्पांचं नाव आहे, खाली "शब्दांकन" म्हणून माझं. ती वही त्यांच्याकडे आहे. कुणाला द्यायची, फुकट द्यायची की पैसे घेऊन, नव्या पोरांना शिकवायला वापरायची की दादाच्या स्टुडिओला विकायची, हे ते ठरवतील. दादाने विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, "बघू." दादा हिरमुसला. मला वाटतं, तीस वर्षांत पहिल्यांदाच "बघू" म्हणायची पाळी पप्पांची होती.

हे पुरेसं आहे का? नसेलही. उद्या एखादा एजंट हजारो साड्यांची चित्रं बघून हेच नियम स्वतःच काढेल. तरीही ज्याचं ज्ञान त्याचं नाव आणि ज्याचं नाव त्याचा शब्द, एवढा क्रम तरी आपण पाळू शकतो. ग्रंथावर कर्त्याचं नाव घालायला साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळं शिकवायला लागू नये.

म्हणून मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवते. पुढच्या सत्रात प्रत्येकाने एकच पान लिहायचं. आपल्या घरातल्या, शेजारच्या एखाद्या माणसाच्या हातातलं काम. आईची ठिपक्यांची चौकट चालेल, मामाची जाळी विणायची गाठ चालेल, काकांचं वेल्डिंग चालेल. विशेषणं नाहीत. आणि परीक्षा अशी : ते पान दुसऱ्या कुणाला द्यायचं, स्वतः शेजारी बसून एक शब्दही बोलायचा नाही, आणि त्याने नुसतं वाचून ते काम करून दाखवायचं. नाही जमलं तर पान नापास, माणूस नाही. वर त्या कारागिराचं नाव, त्याची परवानगी घेऊन.

माझं पहिलं पान एजंटसमोर तीनदा नापास झालं होतं. पप्पांचं सातपानी अजून कुणी तपासलेलं नाही. तपासायला युनिटमधला तो अठरा वर्षांचा पोरगा हवा, पण त्याला मराठी वाचता येत नाही. ओडिया येणारं आपल्या कॉलेजात कुणी आहे का? असेल तर मला भेटा. लोचो मी खिलवते.

— तृतीय वर्ष, कला शाखा